पहिल्या दिवशी हात लावत नाहीत

आमचे डॉक्टर माणसाच्या तोंडाकडे बघायच्या आधी त्याच्या बुटांचे तळ बघत. नवीन पेशंट आत गेला की पहिलं वाक्य ठरलेलं, बूट काढा आणि इकडे द्या. मग एकेक बूट खिडकीशी नेऊन, चष्मा कपाळावर सरकवून, ज्योतिषाने हात बघावा तसा ते त्याचा तळ बघत. दुबईच्या अल बर्शात, आमच्या क्लिनिकच्याच भागात असलेल्या एका बँकेतल्या बड्या साहेबांना त्यांनी बुटावरून सांगितलं होतं की तुम्ही पाकीट मागच्या खिशात ठेवता आणि दिवसभर त्याच्यावर बसता, किती वर्षं झाली? साहेब मोज्यांवर उभे होते. मधल्या सुट्टीत पकडलेल्या मुलासारखं त्यांनी "अठरा" असं सांगितलं. दार उघडं होतं, म्हणून मी ऐकलं.

त्या क्लिनिकच्या फ्रंट डेस्कला मी डॉक्टरांबरोबर नऊ वर्षं होते, अजूनही तिथेच आहे. मी मुळात कमी बोलणारी. आमच्या घरात सगळेच तसे, लागेल तेवढंच बोलायचं आणि न लागेल ते गिळायचं. अशी बाई फ्रंट डेस्कवर कशी टिकली, तर डॉक्टरांमुळे. त्यांचं म्हणणं, दुखणारा माणूस आधीच गोंधळलेला असतो, त्याच्यासमोर बडबडी मुलगी कशाला. शारजातल्या अल नहदाहून सकाळी नवऱ्याच्या गाडीतून निघायचं, बॉर्डरच्या ट्रॅफिकमध्ये डब्यातले पोहे संपवायचे, त्याने मेट्रो स्टेशनशी सोडलं की पुढे अल बर्शा. या नऊ वर्षांत डॉक्टरांचे किस्से मी पुष्कळांना सांगितले. सुट्टीत माहेरी गेले की भाऊ म्हणायचा, सांग तुझ्या त्या अवलियाचं काहीतरी. मी सांगायचे. दर वेळी एक किस्सा गाळून सांगायचे. आज तो घालून सांगते.

डॉक्टर दक्षिण आफ्रिकेचे. तिथल्या कुठल्याशा मेंढ्यांच्या फार्मवर वाढलेले, साठीच्या पुढचे, सव्वासहा फूट उंच, आणि हाताचे पंजे पोळपाटाएवढे. शिक्षण कायरोप्रॅक्टरचं. हा शब्द माझ्या सासूबाईंना काही पेलला नाही. त्यांनी गावाकडे सगळ्यांना कळवून टाकलं की सूनबाई दुबईत हाडवैद्याकडे कामाला आहे. मी हे डॉक्टरांना सांगितलं तेव्हा त्यांना तो शब्द फार आवडला. नंतर मात्र दोन दिवस विचार करून ते म्हणाले, तुझ्या सासूबाईंना कळव, मी हाडांना काही करत नाही. मी सांध्यांना समजावतो. आमचं बोलणं अर्थातच इंग्रजीत चालायचं, पण माझ्या आठवणीत ते मराठीतच बोलतात, त्याला माझा इलाज नाही.

मला ते "ताई" म्हणत. आमच्याकडे येणारे मराठी पेशंट मला ताई म्हणायचे, तर त्यांना ते माझं नावच वाटलं. नंतर अर्थ कळला, तरी सोडलं नाही. माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठा गोरा माणूस कॉरिडॉरमधून "ताई, यल्ला, पुढचा" म्हणून हाक मारायचा (यल्ला म्हणजे अरबीत चला) आणि वेटिंगमधली मंडळी एकमेकांकडे बघायची.

त्यांचा सगळ्यात मोठा नियम म्हणजे पहिल्या दिवशी हात लावायचा नाही. म्हणजे तपासायला हात लावायचे, पण ज्यासाठी लोक येतात ते करायचे नाहीत. लोक यायचे फोनवर व्हिडिओ बघून. कुणीतरी कुणाची तरी मान वळवतो, कडाक् आवाज येतो, माणूस हसत उठतो. तसा कडाक् आपलाही व्हावा म्हणून ऑफिसातून लवकर सुटून, पार्किंग शोधून, घामाघूम होऊन यायचे, आणि डॉक्टर त्यांच्याशी तासभर नुसते बोलत. कुठे दुखतं, कधीपासून, शिंकताना दुखतं का, उशी कशी आहे, पूर्वी पडला होतात का. मग चालायला लावत, टाचांवर आणि चवड्यांवर. गुडघ्यावर छोटी हातोडी मारून बघत. आडवं झोपवून पाय वर उचलत. लागला तर एक्स-रे लिहून देत, आणि शेवटी सांगत, "आज काही करायचं नाही. आज मी फक्त ऐकतो. बुधवारी या."

बुधवारी काय सापडलं ते सांगायचे आणि मगच उपचार. आवाज आला की पेशंट घाबरे, हाड मोडलं का म्हणून. हाड बिड काही नाही, सांध्यातल्या पाण्यात हवेचा बुडबुडा होतो त्याचा तो आवाज, तुम्ही बोटं मोडता तसाच, हे डॉक्टर प्रत्येकाला तितक्याच उत्साहाने सांगत. आवाज आला नाही की तोच पेशंट नाराज व्हायचा, आज काही झालंच नाही म्हणून. "उद्या अंग दुखेल, व्यायामाला पहिल्यांदा गेल्यासारखं. परवा थांबेल. नाही थांबलं तर ताईला फोन करा," हे शेवटचं वाक्य. आणि पाच-सहा वेळांत फरक पडला नाही तर ते स्वतःच पेशंटला सांगत की माझं काम नाही हे, दुसऱ्याकडे जा. हाडं ठिसूळ झालेल्या आज्यांना तर ते दाराशीच नमस्कार करून, चहा पाजून, हॉस्पिटलची चिठ्ठी लिहून परत पाठवत. माझं अर्धं शिक्षण कुणाला हात लावायचा नाही याचंच झालंय, असं ते म्हणत. मेंढ्यांनी शिकवलं म्हणत. मेंढी काही सांगत नाही, तिला आधी बघावं लागतं.

स्वतःच्या खोलीत त्यांनी स्वतःसाठी खुर्ची ठेवली नव्हती. जेवण उभ्याने. कोपऱ्यात एक प्लास्टिकचा सांगाडा होता, त्याला त्यांनी स्वेटर घातला होता, कारण क्लिनिकचा एसी हाडात शिरतो आणि याच्याकडे हाडांशिवाय काहीच नाही.

माझ्या खुर्चीवरही त्यांचा डोळा होता. मी बुटकी, माझे पाय अधांतरी. एक दिवस सकाळी बघते तर माझ्या टेबलाखाली जुन्या टेलिफोन डिरेक्टऱ्या, दोन जाडजूड खंड, चिकटपट्टीने बांधलेले. यावर पाय ठेवायचे, कंबर वाचेल, असा हुकूम. आता पुस्तकावर पाय कसे ठेवायचे? लहानपणी वहीला पाय लागला तरी कपाळाला हात लावायचो आम्ही. तर मी रोज सकाळी आल्यावर खाली वाकून डिरेक्टऱ्यांना नमस्कार करायचे, मनात माफी मागायचे आणि मग पाय ठेवायचे. पंधरा दिवस डॉक्टरांनी हे लांबून पाहिलं. त्यांना वाटलं हा माझा व्यायाम आहे. खूष झाले. खुर्चीत बसून सावकाश वाकणं, हात जमिनीपर्यंत, मग कपाळापर्यंत, हे कंबरेला फार चांगलं म्हणून त्यांनी ते पेशंटना शिकवायला सुरुवात केली. मी कमी बोलणारी, खुलासा केला नाही. अल बर्शातल्या ऑफिसांमधून आजही काही माणसं रोज सकाळी स्वतःच्या पायाखालच्या जमिनीला नमस्कार करत असतील.

मी खुलासा करत नाही, हे लक्षात ठेवा. पुढे तेच येणार आहे.

तपासणीच्या शेवटी डॉक्टर प्रत्येक नवीन पेशंटला दोन प्रश्न विचारत. बसायच्या जागेला, म्हणजे घोड्यावर बसलात तर खोगीर लागेल तिथे, बधिरपणा आहे का? आणि लघवी नेहमीसारखी होते का? मला त्यांनी पहिल्याच आठवड्यात समजावून सांगितलं होतं की कण्याच्या तळाशी नसांचा झुपका असतो, घोड्याच्या शेपटीसारखा. तिथे चकती सरकून दाब आला तर या दोन गोष्टी होतात. मग क्लिनिक नाही, बुधवार नाही, थेट हॉस्पिटल, त्याच दिवशी. तास मोजायचे. ज्यांना इंग्रजी येत नाही त्यांच्यासाठी आमच्यापैकी कुणीतरी मध्ये उभं राहायचं. मराठी आणि हिंदी माझ्याकडे.

हिंदीत मला काही वाटत नसे. परक्या भाषेत कुठलाच शब्द अंगाला लागत नाही. मराठी पेशंटही बहुतेक इंग्रजी बोलणारे, त्यामुळे तोवरच्या सात वर्षांत मराठीतून हा प्रश्न विचारायची वेळ माझ्यावर कधी आलीच नव्हती. आली ती आमच्या चाचांच्या वेळी.

चाचा म्हणजे आमच्या अल नहदाच्या बिल्डिंगचे नातूर. वॉचमनला इकडे नातूर म्हणतात. पण चाचा वॉचमनपेक्षा फार होते. दापोलीकडचे कोकणी मुसलमान, माझ्या माहेरच्या गावापासून दोन खाड्या पलीकडचे. मी इथे नवी आले तेव्हा लिफ्टमध्ये मला नवऱ्याशी बोलताना ऐकून म्हणाले, "बाय, तू आमच्या बाजूची गो." त्या दिवसापासून मी त्यांची गाववाली. माझ्या बाळंतपणात डिंकाचे लाडू कुणीतरी गावाहून येणाऱ्याबरोबर त्यांनी मागवले होते. मुलीला शाळेच्या बसमध्ये बारा वर्षं त्यांनी चढवलं. ती त्यांच्याशी इंग्रजीत बोलायची, ते तिच्याशी कोकणीत, आणि दोघांचं उत्तम चालायचं. मी त्यांच्यासमोर खांद्यावरून ओढणी घ्यायचे. कुणी सांगितलं नव्हतं. वडिलांसमोर घ्यायचे तशी.

चाचांची कंबर धरली. एका भाडेकरूचं कपाट हलवताना काहीतरी झालं म्हणाले. आठवडाभर चोळत बसले, मग डावा पाय ओढायला लागले. मीच म्हटलं, चला आमच्या डॉक्टरांकडे. शनिवारची दुपार होती. ते इस्त्रीचा शर्ट घालून आले, अत्तर लावून, लग्नाला निघाल्यासारखे. डॉक्टरांनी चपला मागितल्यावर मात्र लाजले. म्हणाले, त्यांना सांग, मी धुऊन देतो.

डॉक्टरांचं आणि त्यांचं लगेच जमलं. चाचांनी विचारलं, साहेबाचं गाव कुठलं. मेंढ्यांचं कळल्यावर तर बकऱ्यांपर्यंत बोलणं गेलं, आणि मी मध्ये उभी राहून ह्याचं त्याला, त्याचं ह्याला पोचवत होते. हातोडी झाली, चवड्यांवर चालणं झालं. डाव्या चवड्यावर उभं राहता येईना. डॉक्टरांनी त्यांना टेबलावर बसवलं. मग त्यांनी मला ते दोन प्रश्न सांगितले.

मी चाचांकडे पाहिलं. ते टेबलाच्या कडेला बसले होते, हात गुडघ्यांवर, पोरीच्या ऑफिसात आलेल्या बापासारखे. मला शब्द सापडेना असं नाही. शब्द होते, तोंड उघडेना. लघवी हा शब्द मी माझ्या वडिलांसमोर जन्मात उच्चारला नव्हता. आमच्याकडे "जाऊन येते" म्हणायचे, त्यातच सगळं आलं. मी म्हटलं, "चाचा, बाकी सगळं ठीक ना?"

"हां बाय, बाकी ठीक."

मी डॉक्टरांना सांगितलं, दोन्ही नाही.

ते फॉर्मवर खूण करायला वाकले आणि थांबले. त्यांना काहीतरी टोचलं असावं. म्हणाले, "ताई, दोन्ही? नक्की?"

"नक्की," मी म्हटलं.

एवढाच तो किस्सा. तीन सेकंदांचा. पुढचं मी लांबवत नाही. डॉक्टरांनी नियमाप्रमाणे काही केलं नाही, ते बरंच झालं. मंगळवारची एमआरआय ठरवून दिली, जड उचलायचं नाही म्हणून बजावलं आणि बुधवारी या म्हणाले. सोमवारी सकाळी आम्ही खाली उतरलो तर चाचा स्टुलावर बसलेले आणि चेहरा राखेसारखा. मला बघून "काय नाय बाय" म्हणाले. माझा नवरा गाडीची किल्ली विसरल्याचं निमित्त करून त्यांना लिफ्टमध्ये घेऊन गेला आणि पुरुषाने पुरुषाला विचारावं तसं विचारलं. शुक्रवारपासून लघवी थेंब थेंब होत होती. रविवारपासून तीही नाही. बसलेलं कळत नव्हतं.

मी डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, "क्लिनिक नको. हॉस्पिटल. आत्ता." आणि स्वतः पाच पेशंट तसेच बसवून आमच्या आधी तिथे पोचले. दुपारी ऑपरेशन झालं.

चाचा वाचले, पायही वाचले. तीन आठवडे नळी होती, तीन महिने काठी. आजही चालताना डावा चवडा जरा घासतो, टाइल्सवर आवाज येतो. सर्जन म्हणाले होते, अजून एक दिवस उशीर झाला असता तर सांगता आलं नसतं. दोन दिवस आधी आले असते तर काय झालं असतं, हेही त्यांनी सांगितलं नाही. कुणी विचारलंही नाही. मी शेजारीच उभी होते.

ऑपरेशननंतर चौथ्या दिवशी डॉक्टर चाचांना भेटायला आले, खजुराचा डबा घेऊन. खुर्चीवर बसले नाहीत, पलंगाशी गुडघे टेकून बसले, म्हणजे तोंडं समोरासमोर आली. मला म्हणाले, जसंच्या तसं सांग. मग त्यांनी चाचांची माफी मागितली. मी तुम्हाला विचारायला हवं तसं विचारलं नाही. मी घाई केली. तुमचे दोन दिवस माझ्यामुळे गेले.

मी ते मराठीत सांगितलं. जसंच्या तसं. माझ्या चुकीची माफी दुसरा माणूस मागत होता आणि मी तिचं भाषांतर करत होते. त्या दिवशी एकही शब्द मी गाळला नाही.

चाचा रडले. डॉक्टरांचा पंजा दोन्ही हातांत धरून म्हणाले, साहेबाला सांग, देवमाणूस आहे तो. तेही मी सांगितलं.

क्लिनिकच्या मालकांनी नंतर माझ्या डेस्कपाशीच मीटिंग घेतली. फॉर्म समोर होता, दोन्ही "नाही"वर खुणा. डॉक्टर म्हणाले, प्रश्न माझा, जबाबदारी माझी. मालकांनी माझ्याकडे बघितलं. मी खाली बघितलं, डिरेक्टऱ्यांकडे.

यानंतर डॉक्टरांनी जे केलं ते सगळ्यांना विनोदी वाटलं. त्यांच्या मनाने घेतलं की दुसऱ्याच्या तोंडून प्रश्न विचारणं हीच चूक. त्यांनी एक वही केली आणि तो लघवीचा प्रश्न जगातल्या सगळ्या भाषांत शिकायला घेतला. मल्याळी नर्सकडून मल्याळम, टॅक्सीवाल्याकडून पश्तो, खालच्या सलूनमधल्या मुलीकडून फिलिपिनो. अरबी त्यांना येत होती. मराठी शिकायला ते माझ्यापुढे येऊन उभे राहिले, पेन्सिल कानावर.

मी शिकवलं. दुसरं काय करणार? "लघवी साफ होते का?" हे वाक्य मी त्यांना हळू आवाजात सांगितलं, त्यांनी ते मोठ्याने म्हटलं. "ल"ला त्यांची जीभ वळायची, "घ" मात्र दाराला धडक दिल्यासारखा. आठवडाभर कॉरिडॉरमधून येता-जाता पाठ करत होते. मी टायपिंग करत असायचे आणि मागून आवाज यायचा, लघवी साफ होते का, लघवी साफ होते का. घरी हे सांगितलं तर मुलगी म्हणाली, "आई, इट्स जस्ट अ मेडिकल क्वेश्चन."

मग तो प्रश्न शेवटाला राहिला नाही, सुरुवातीला आला. पुण्याचे एक गृहस्थ आले होते, एका कंपनीत मोठ्या हुद्द्यावर, बायकोला घेऊन, कॉलरचं बटण लावलेले. डॉक्टर दार उघडून बाहेर आले, आडनाव बघितलं, चेहरा खुलला, वाकून नमस्कार केला आणि सबंध वेटिंग रूमला ऐकू जाईल असं विचारलं, "नमस्कार. लघवी साफ होते का?"

गृहस्थांनी बायकोकडे पाहिलं. मग शांतपणे म्हणाले, "होते. आपण आता ओळख करून घेऊ या का?"

लोक हसायचे. मीही हसायचे. आणि दर वेळी मानेत डाव्या बाजूला काहीतरी आवळायचं.

दोन वर्षं आवळत राहिलं. एका सकाळी मान वळेनाच. नवरा गावी गेला होता म्हणून गाडी मी चालवत होते, आणि शारजा-दुबईच्या त्या गर्दीत डावीकडचा आरसा बघायला मला अख्खं धड वळवावं लागत होतं. शेजारच्या गाडीतला माणूस मी त्याच्याकडे टक लावून बघतेय समजून ओशाळला. तशीच ऑफिसला पोचले. डॉक्टरांनी एक नजर टाकली आणि नव्या पेशंटचा फॉर्म क्लिपबोर्डला लावून माझ्या हातात दिला. मी म्हटलं, मला कशाला फॉर्म, तुम्ही रोज बघता मला. "रोज बघतो. विचारलं कधी नाही," ते म्हणाले. आणि हात पुढे करून उभे राहिले. मी मुकाट्याने चपला काढून दिल्या.

हा फॉर्म मी हजारो लोकांपुढे सरकवला होता, कधी नीट वाचला नव्हता. नाव, वय, दुखणं कुठे, बाहुलीच्या चित्रावर फुल्या मारा. पूर्वी पडलात का. औषधं कुठली. झोप कशी लागते. तिथे मी "नाही" लिहिलं. सगळ्यात खाली एक ओळ आणि तिच्याखाली तीन बोटं रिकामी जागा. डॉक्टरांना माहीत असावं असं आणखी काही? लोक तिथे रेघ मारतात. नऊ वर्षांत मी तिथे रेघच बघितली होती.

मी लिहिलं. तीन बोटं पुरली नाहीत, मागच्या बाजूला गेले. इंग्रजीत लिहिलं, आणि "बाकी सगळं ठीक ना" तेवढं मराठीत, कारण त्याचं इंग्रजी होत नव्हतं.

डॉक्टरांनी उभ्याने वाचलं. पान उलटून वाचलं. मराठी ओळीवर बोट ठेवून म्हणाले, हे वाच. मी वाचलं. अर्थ सांगितला. त्यांचे कान लाल झाले. नऊ वर्षांत मी त्यांना रागावलेलं पाहिलं नव्हतं. त्यांनी क्लिपबोर्ड टेबलावर ठेवला, दार उघडून बाहेर गेले आणि कॉरिडॉरमधून चालायला लागले. टाचांवर जाताना, चवड्यांवर येताना. तीन-चार फेऱ्या झाल्या. मी टेबलाच्या कडेला बसून होते, हात गुडघ्यांवर. चाचा बसले होते तिथेच. समोर स्वेटर घातलेला सांगाडा.

ते परत आले. मला वाटलं आता बोलतील. त्यांनी सगळी तपासणी केली, हातोडीसकट. एक प्रश्न सोडला नाही. तोसुद्धा विचारला, मीच शिकवलेल्या उच्चारात, आणि माझ्याकडे बघत थांबले. मी "हो, होते" असं मोठ्याने म्हटलं. मग ते म्हणाले, "आज काही करायचं नाही. आज मी फक्त ऐकतो. बुधवारी ये."

मधले दोन दिवस कसे गेले ते आमच्याकडे आलेल्या प्रत्येक नव्या पेशंटला माहीत आहे. मला नव्हतं.

बुधवारी त्यांनी सांगितलं. मानेचं आधी सांगितलं, तिसऱ्या-चौथ्या मणक्याशी सांधा आखडलाय, पाच-सहा वेळा यावं लागेल, स्क्रीन वर घे. मग फॉर्म उलटा केला. "दुसरं सापडलं ते असं. मी तुला वर्षानुवर्षं प्रश्न विचारायला लावला. तुला तो विचारता येतो का, हे एकदाही विचारलं नाही. ते माझं. 'नक्की' म्हणालीस, ते तुझं." थोडं थांबून म्हणाले, "मी चाचांची माफी मागितली ती माझ्या वाट्याची होती. तुझ्या वाट्याची राहिलीय. आणि त्याचं भाषांतर मी करू शकत नाही, ताई. माझं मराठी एका वाक्याचं आहे."

मग माझी मान त्यांच्या पोळपाटासारख्या पंजांत घेतली आणि म्हणाले, श्वास सोड. आवाज आला. बुडबुडाच, हाड नाही.

संध्याकाळी मी लॉबीत गेले. चाचा स्टुलावर बसून कुणाचं तरी कुरिअर सांभाळत होते. मी उभ्यानेच सांगितलं, थांबले असते तर सांगितलं नसतं. त्या दिवशी डॉक्टरांनी मला काय विचारायला सांगितलं होतं, मी काय विचारलं, आणि डॉक्टरांना काय सांगितलं. लघवी हा शब्द त्यांच्यासमोर दोनदा उच्चारला. ओढणी खांद्यावर होती का, ते आठवत नाही.

चाचा कुरिअरवरचं नाव वाचत राहिले. त्यांना इंग्रजी वाचता येत नाही. मग म्हणाले, "तू विचारलं असतास तरी मी काय सांगणार होतो गो? पोरीला कोण सांगतो असला? नायच म्हटला असता."

"मग ते 'नाही' तुमचं असतं, चाचा," मी म्हटलं. "हे माझं आहे."

लिफ्ट दोनदा वर जाऊन आली. मग चाचा उठले, डावा चवडा टाइल्सवर घासत माझ्याजवळ आले आणि कुरिअर माझ्या हातात दिलं. "सातव्या मजल्यावर देऊन ये. माझा पाय दुखतो." इतक्या वर्षांत त्यांनी मला एकही काम सांगितलं नव्हतं.

तेव्हापासून सांगतात. पाण्याची बाटली आण, लिफ्टवाल्याला फोन लाव, अमक्याला चावी दे. नवरा म्हणतो, चाचा तुला हल्ली फारच राबवतात. मी जाऊन येते.

डॉक्टर गेल्या वर्षी मायदेशी गेले, मेंढ्यांकडे. वही माझ्याकडे ठेवून गेले. आता नवीन डॉक्टर आहेत, तरुण आहेत, चांगले आहेत, बूट बघत नाहीत. त्यांनी मला आल्या आल्या विचारलं, मराठी पेशंटना तुम्हीच विचारता ना सगळं? मी म्हटलं, हो. परवाच आपल्याकडचे एक काका आले होते, वडिलांच्या वयाचे, पांढरी टोपी घातलेले. मी खुर्चीवरून उठले, डिरेक्टऱ्यांवरचे पाय खाली घेतले, त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले आणि पहिला प्रश्न तोच विचारला.

काका चपापले. म्हणाले, "ताई, जरा हळू."

"काका," मी म्हटलं, "हळू विचारून बघितलंय."